डेबियनची कर्नल सुरक्षा सेवा: एका कॉलेजच्या सर्व्हररूममधून

धुळे, शिरपूर, भुसावळकडचे कॉलेजांतले सिस्टीमवाले भेटले की एक प्रश्न ठरलेला असतो: तुमच्या लिनक्स सर्व्हरचं एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) कुणाकडे? मी सांगते, हार्डवेअरचं एका स्थानिक दुकानाकडे आणि कर्नलमधली, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातली, सुरक्षेची भोकं बुजवायचं काम डेबियनकडे, म्हणजे आम्ही वापरतो ते फुकट लिनक्स बनवणाऱ्या प्रकल्पाकडे. पहिल्याचं दरवर्षी बिल येतं, दुसऱ्याचं येत नाही. मग समोरून हमखास येतं, "फुकटातलं काम, त्याचा काय भरवसा?" डेबियन १० पासून मी हे काम जवळून बघतेय, सध्या सर्व्हरवर १२ आहे. माझा भरवसा कशावर बसलाय आणि कुठे हात राखून वागावं लागतं, ते जरा सविस्तर लिहिते.

आधी आमची गरज सांगते, कारण त्यावरच सगळं ठरतं. कॉलेज जळगावच्या जवळ. कॉम्प्युटर विभागाचा एक मुख्य सर्व्हर आहे आणि दुसऱ्या वर्षापासून प्रत्येक विद्यार्थ्याला त्यावर लॉगिन मिळतं. सीचे प्रोग्राम, डीबीएमएसची प्रॅक्टिकल्स, मिनी प्रोजेक्ट सगळं तिथेच. सबमिशनही तिथेच जमा होतं आणि अंतर्गत गुणांची फाइलही त्याच मशिनवर आहे, कारण दुसरं मशीन बजेटात बसत नाही. सुरक्षेवरच्या लेखांत नेहमी बाहेरून घुसणाऱ्याचा विचार असतो. त्याला आधी दार फोडून आत यावं लागतं. आमच्याकडे शेकडो पोरं रीतसर पासवर्ड घेऊन आधीच आत बसलेली आहेत, आणि त्यांनी तिथे कोड लिहून चालवावा यासाठीच तर ते मशीन ठेवलंय. अशा ठिकाणी साध्या युझरला आणि रूटला (मशिनचे सगळे अधिकार असलेल्या खात्याला) वेगळं ठेवणारी भिंत म्हणजे कर्नल. तिला तडा गेला तर फाइलवर लावलेल्या परवानग्यांना काही अर्थ उरत नाही.

मार्च २०२२ मधल्या 'डर्टी पाइप' नावाच्या कर्नलमधल्या भोकाने हे मला नीट समजावलं. मॅक्स केलरमन नावाच्या प्रोग्रामरकडे तक्रार आली होती की वेबसर्व्हरच्या लॉगच्या जिझिप (दाबून लहान केलेल्या) फाइली उघडत नाहीत. जिझिप फाइलच्या शेवटी आठ बाइट असतात, चार तपासणी-बेरजेचे आणि चार लांबीचे. त्या आठ बाइटांच्या जागी भलतंच काहीतरी येऊन बसलेलं असायचं आणि त्याची सुरुवात 'पी', 'के' या अक्षरांनी व्हायची. ही खूण झिप फाइलची. म्हणजे एका फाइलीत लिहायचा मजकूर दुसऱ्याच फाइलीत जात होता, आणि लिहिणाऱ्या प्रोग्रामला त्या दुसऱ्या फाइलीवर लिहायची परवानगीसुद्धा नव्हती. या माणसाने चिकाटी सोडली नाही. आपला प्रोग्राम, लायब्ररी, डिस्क असं एकेक वगळत तो थेट कर्नलच्या पाइपच्या (एका प्रोग्रामचा मजकूर दुसऱ्याला पोचवणाऱ्या नळीच्या) कोडपर्यंत पोचला. तिथे पाइपच्या बफरचा 'फ्लॅग्ज' नावाचा रकाना नव्याने वापरताना कोरा केलाच जात नव्हता. आधीच्या वापरातली 'यात भर घालता येईल' ही खूण तशीच राहायची आणि कर्नल तिच्यावर विश्वास ठेवून फाइलच्या मेमरीतल्या पानावर लिहून टाकायचा. ही चूक ५.८ या आवृत्तीपासून गैरवापर करता येईल अशी झाली होती.

दुरुस्ती मी स्वतः उघडून पाहिली. दोन फंक्शनांत एकेक ओळ वाढवली होती आणि दोन्ही ओळी सारख्याच: बफरचे फ्लॅग्ज शून्य करा. या दोन ओळी नसल्या तर माझ्या सर्व्हरवरचा कुठलाही विद्यार्थी नुसत्या वाचायच्या परवानगीवर पासवर्डच्या फाइलीत खाडाखोड करून रूट होऊ शकत होता. वर्गात मी ते दोन ओळींचं डिफ (काय बदललं ते दाखवणारी फाइल) आता दरवर्षी दाखवते. व्हेरिएबलला सुरुवातीची किंमत द्या, हे पोरांना सांगून पटत नाही, हे डिफ बघून पटतं.

आता सेवेचा भाग. केलरमनने २० फेब्रुवारीला कर्नलच्या सुरक्षा गटाला कळवलं, २३ फेब्रुवारीला ५.१०.१०२ वगैरे दुरुस्त आवृत्त्या निघाल्या आणि ७ मार्चला प्रकरण जाहीर झालं. त्याच ७ मार्चला डेबियनने सुरक्षा-सूचना काढून दुरुस्त पॅकेज भांडारात ठेवलं. तेव्हा आमच्याकडे डेबियन ११ होतं. एका जुन्या मशिनवर १० राहिलं होतं, पण त्याचं कर्नल ४.१९ असल्यामुळे त्याला या भोकाचा धोकाच नव्हता, आणि तेही डेबियनच्या सुरक्षा-ट्रॅकरवर त्या सीव्हीईच्या (भोकाला मिळालेल्या अधिकृत क्रमांकाच्या) पानावर स्वच्छ लिहिलेलं होतं. प्रत्येक सीव्हीईसाठी तिथे एक तक्ता असतो: कुठल्या डेबियनमध्ये कुठलं पॅकेज, धोका आहे की दुरुस्त झालंय. या सेवेतली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट हा तक्ता. दुकानदाराच्या शब्दावर न राहता मी स्वतः ताडून बघू शकते.

मात्र डेबियनचे आवृत्ती-क्रमांक नवख्या माणसाला हमखास गोंधळात टाकतात. त्या दिवशी डेबियन ११ ला मिळालेल्या दुरुस्त कर्नलचा क्रमांक होता ५.१०.९२-२. मूळ कर्नलमध्ये दुरुस्ती आली ५.१०.१०२ मध्ये. म्हणजे ९२ हा आकडा १०२ पेक्षा लहान, तरीही भोक बुजलेलं. गडबडीच्या वेळी डेबियन नवं आख्खं कर्नल आणून टाकत नाही, आधी तपासलेल्या कर्नलवर तेवढी दुरुस्ती मागे नेऊन बसवतं. चालू परीक्षेच्या हंगामात मला हेच हवं असतं: भोक बुजावं आणि बाकी काहीही हलू नये.

याच आकड्यांवरून २०२४ मध्ये आमच्याकडे चांगलाच पेच झाला. बाहेरून सुरक्षा तपासणीला आलेल्या मंडळींच्या टूलने आमचा सर्व्हर लाल दाखवला. अहवालात सीव्हीई-२०२४-१०८६, गंभीर, 'कर्नल ६.१.० जुनं आहे, तत्काळ बदला'. विभागप्रमुख सरांनी अहवाल माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "मॅडम, हे काय आहे ते मला प्राचार्यांना सांगावं लागेल." मी टर्मिनल उघडलं. 'युनेम -आर' केलं की डेबियन ६.१.०-१८-एएमडी६४ असं नाव देतं. टूलने तेवढंच वाचलं होतं. पण ते नुसतं नाव आहे. त्यातला ६.१.० हा भाग बाहेरच्या मोड्यूलांची जुळणी सांभाळण्यासाठी तसाच ठेवलेला असतो. खरी आवृत्ती 'युनेम -व्ही' मध्ये दिसते, आणि तिथे लिहिलं होतं: डेबियन ६.१.७६-१, तारीख १ फेब्रुवारी २०२४. ६.१.७६ मध्ये ती दुरुस्ती आहे. मग पॅकेजसोबत येणारा बदलांचा इतिहास उघडला आणि ट्रॅकरवरचा तक्ताही. दोन्हींचा प्रिंट काढून सरांच्या सहीने अहवालाला जोडला. तपासणीवाल्यांनी ती नोंद मागे घेतली. तुमच्याकडे असा अहवाल आला तर घाबरून इंटरनेटवरून कुठलंतरी नवं कर्नल उतरवून बसवू नका. आधी 'युनेम -व्ही' बघा.

त्या १०८६ बद्दल थोडं, कारण वेळेचं महत्त्व त्यातून कळतं. हे भोक नेटफिल्टरमधलं, म्हणजे फायरवॉलचे नियम सांभाळणाऱ्या भागातलं. मोकळी केलेली मेमरी पुन्हा वापरली जायची आणि त्यातून साधा युझर रूट होऊ शकायचा. मूळ दुरुस्ती जानेवारी २०२४ मध्ये आली. १० फेब्रुवारीला निघालेल्या डेबियन १२.५ मध्ये ६.१.७६ होतंच. ते भोक कसं वापरायचं याचा चालता कोड मार्चअखेरीस सगळ्यांसाठी खुला झाला, आणि मे महिन्यात अमेरिकेच्या सिसा या सरकारी संस्थेने 'प्रत्यक्षात गैरवापर होत असलेल्या' भोकांच्या यादीत ते घातलं. फेब्रुवारीत अपडेट घेऊन रीबूट केलेल्यांना मार्चचा दिवस कळलाही नसेल. माझ्या अंदाजाने आपल्या भागात असे कितीतरी सर्व्हर असतील जे तेव्हाही उघडे होते आणि आजही आहेत.

याच प्रकरणात एक जादा कडी लावून घेता आली. हे भोक वापरायला साध्या युझरला स्वतःचं 'युझर नेमस्पेस' (ज्यात तो रूटसारखा वागू शकतो असा वेगळा कप्पा) तयार करता यावं लागतं. डेबियन ११ पासून ही मुभा सगळ्यांना मुळातच खुली आहे, आधी ती बंद असायची. सिसकंट्रोलमध्ये, म्हणजे कर्नलच्या सेटिंगमध्ये, 'कर्नल डॉट अनप्रिव्हिलेज्ड-युझरएनएस-क्लोन' शून्य केलं की ती बंद होते. आमच्या सर्व्हरवर पोरांना तिची गरज नाही, म्हणून बंद ठेवलीय. लॅबच्या डेस्कटॉपवर मात्र बंद करू नका, क्रोमियमसारख्या ब्राउझरचा स्वतःचा बंदिस्त कप्पा त्याच सोयीवर उभा असतो. ही मुभा सुरुवातीपासून खुली ठेवायचा डेबियनचा निर्णय अनेक जणांच्या लॉगिनच्या सर्व्हरसाठी मला आजही पटत नाही. रिलीज नोट्समध्ये ते लिहून ठेवलंय हे खरं, पण रिलीज नोट्स वाचतं कोण?

आता या सेवेतलं आपल्या वाट्याचं काम. डेबियन पॅच, म्हणजे दुरुस्ती, देतं, 'अनअटेंडेड-अपग्रेड्स' हे पॅकेज तो रात्रीतून बसवतं, पण रीबूट केल्याशिवाय तो चालू होत नाही. पॅच नुसता डिस्कवर बसलेला असणं म्हणजे कपाशीचं औषध आणून गोठ्यात ठेवायचं आणि बोंडअळी शेतात तशीच. मी एका ओळखीच्या ऑफिसात सर्व्हर पाहिला, अपडेट सगळे वेळच्या वेळी बसलेले, आणि मशीन मात्र वर्षभर रीबूट नाही. तिथले भाऊ अभिमानाने सांगत होते, "आमचा सर्व्हर एकदापण बंद पडला नाही." त्यांच्या मेमरीत मात्र वर्षापूर्वीचं कर्नल सगळ्या भोकांसकट चालत होतं. स्वयंचलित रीबूटची सोय पॅकेजमध्ये आहे, पण ती बंद अवस्थेत येते. ते बरोबरच आहे, चालू प्रॅक्टिकलमध्ये मशीन आपणहून बसलं तर पोरांनी काय करायचं?

आमची पद्धत अशी. कर्नलची सूचना मेलवर आली की पहिलं अपडेट लॅबच्या एका कोपऱ्यातल्या मशिनवर घेते. तिथे ते एक-दोन दिवस चाललं की सर्व्हरवर. मग रविवारी सकाळी रीबूट. सकाळीच यासाठी की मे महिन्यात आपल्याकडे दुपारी पारा ४४-४५ वर जातो, सर्व्हररूमचा एसी दमलेला असतो आणि त्यात काही अडलं तर खोलीत उभं राहवत नाही. वॉचमन काका खोली उघडून देतात. मी कीबोर्ड-मॉनिटर लावूनच बसते, घरून रीबूट मारत नाही. ग्रबचा (कुठलं कर्नल सुरू करायचं ते निवडायचा) पडदा आला की 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये आधीचं कर्नल शिल्लक दिसतं. नवं उठलं नाही तर त्याच्यावर परत जाता येतं, आणि डेबियनच्या या सवयीमुळे मला झोप लागते. मशीन उठलं की 'युनेम -व्ही', मग डेटाबेस, मग एका साध्या विद्यार्थी-लॉगिनने आत जाऊन एक प्रोग्राम चालवून बघायचा. एवढ्यात हॉस्टेलवरून फोन येतोच, "मॅडम, सर्व्हर बंद शे का?" साक्रीकडची पोरं रविवारीही अभ्यास करतात, याचं मला खूप कौतुक आहे.

न थांबता, चालत्या कर्नलमध्ये पॅच बसवायची सोयही जगात आहे. लिनक्सच्या ४.० आवृत्तीपासून, म्हणजे २०१५ पासून, तिचा पाया मूळ कर्नलमध्येच आहे: सदोष फंक्शनला हाक आली की ती नव्या फंक्शनकडे वळवायची. उबुंटूची लाइव्हपॅच सेवा यावरच चालते आणि वैयक्तिक वापरासाठी पाच मशिनपर्यंत फुकट आहे. डेबियनकडे स्वतःची अशी तयार सेवा नाही. चोवीस तास चालणारं हॉस्पिटल किंवा बँक असेल तर हा मोठा उणेपणा समजा आणि पैसे मोजून दुसरीकडे जा. कॉलेजला रविवार असतो.

फक्त गुण गाणार नाही. डिसेंबर २०२३ मध्ये डेबियन १२.३ सोबत आलेल्या ६.१.६४ या कर्नलमध्ये ईएक्सटी४ फाइलसिस्टीमचा डेटा बिघडवणारी चूक निघाली. डेबियनने लोकांना अपडेट थांबवायला सांगितलं, १२.३ च्या इमेज काढल्याच नाहीत आणि १० डिसेंबरला १२.४ दुरुस्त कर्नलसह दिलं. चूक उघड कबूल केली आणि झटकन निस्तरली, हे मान्य. पण स्थिर म्हणवणाऱ्या शाखेतही असं होऊ शकतं. म्हणूनच आमच्याकडे स्वयंचलित अपडेट फक्त सुरक्षा-भांडारातून येतात, वेळोवेळी निघणाऱ्या १२.३, १२.४ अशा एकत्रित आवृत्त्या मी हाताने घेते. आणि कोपऱ्यातलं ते एक मशीन याचसाठी ठेवलंय.

फेब्रुवारी २०२४ पासून आणखी एक बदल झालाय. कर्नलवाले आता स्वतःच सीव्हीई क्रमांक देतात आणि सुरक्षेशी दूरान्वयेही संबंध असेल अशा प्रत्येक दुरुस्तीला देतात. एका वर्षात तीन हजारांहून जास्त क्रमांक निघाले. डेबियनची एकेक सूचना आता लांबलचक सीव्हीईंची यादी घेऊन येते आणि त्यातलं आपल्याला लागू काय, हे कुणी सांगत नाही. तुम्ही एकटे सिस्टीम बघत असाल तर या यादीमागे धावू नका. आख्खं कर्नल घ्या, तपासा, रीबूट करा. नावाजलेल्या भोकांपुरता ट्रॅकर उघडा.

छोट्या अडचणीही सांगून ठेवते. कर्नलचं पॅकेज साधारण सत्तर एमबीचं. चाळीस मशिनच्या लॅबने एकाच वेळी ते ओढायला घेतलं तर कॉलेजचं नेट बसतं. 'ॲप्ट-कॅशर-एनजी' सर्व्हरवर टाका, एकदा उतरतं आणि बाकीची मशिनं तिथूनच घेतात. पॅकेजांच्या यादीवरची सही ॲप्ट (पॅकेज बसवणारं डेबियनचं टूल) तपासतंच, त्यामुळे मध्ये कॅश असल्याने सुरक्षेत उणं येत नाही. दुसरं, इन्स्टॉल करताना बूटचं वेगळं पार्टिशन लहान ठेवलं असेल तर दोन-तीन कर्नल साठले की ते भरतं आणि पुढचं अपडेट अर्धवट राहतं. जुनी कर्नल काढणारं 'ऑटोरिमूव्ह' अधूनमधून चालवत जा, ते चालू कर्नलला हात लावत नाही.

मुदतींचंही बघा. डेबियनच्या प्रत्येक आवृत्तीला साधारण तीन वर्षं मुख्य सुरक्षा गटाची सेवा आणि मग एकूण पाच वर्षं होईपर्यंत एलटीएस, म्हणजे वाढीव मुदतीची सेवा. एलटीएसचं काम वेगळा गट करतो आणि त्याचा खर्च पुरस्कर्त्या कंपन्यांच्या पैशातून भागतो. डेबियन १२ ची पहिली मुदत जून २०२६ ची, एलटीएस जून २०२८ पर्यंत. १३ हे ऑगस्ट २०२५ मध्ये आलंय, ६.१२ कर्नलसह. आम्ही सर्व्हर दिवाळीच्या सुट्टीत त्यावर नेणार आहोत. इंजिनिअरिंग, डिप्लोमा, बीसीएसच्या कॉलेजांना, आणि जिथे एक तरी माणूस टर्मिनलला बिचकत नाही अशा ऑफिसांना मी ही सेवा मनापासून सुचवते. जिथे असा माणूसच नाही तिथे सुचवत नाही, कारण रविवारचं रीबूट करायला डेबियन येणार नाही.

आणि जुनी मशिनं खेड्यावरच्या शाळांना देणाऱ्यांसाठी एक महत्त्वाचं: डेबियन १३ ने ३२-बिट पीसीसाठी कर्नल आणि इन्स्टॉलर दोन्ही बंद केलेत. आमच्या स्टोअरमध्ये अशी काही मशिनं यावल-चोपड्याकडच्या शाळांसाठी बाजूला काढून ठेवली होती. त्यांतलं कुठलं ६४-बिट आहे, हे 'एलएससीपीयू' ही आज्ञा चालवून एकेक तपासल्यावरच ती पाठवतोय.